शेवटपर्यंत न ऐकलेलं रेकॉर्डिंग

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एक फाईल लिहावी लागली. विषय होता, इंग्रजीच्या वर्गात तंत्रज्ञान वापरण्याची माझी उद्दिष्टं. असल्या फाईली मागच्या वर्षीच्या मुलींकडून आणून उतरवायची आमच्यात रीतच होती. मला तो कमीपणा वाटला. मी स्वतः बसून सात उद्दिष्टं लिहिली आणि प्रत्येकाखाली लाल पेनाने रेघ ओढली. त्यातलं चौथं असं होतं : वर्गातल्या प्रत्येक मुलाचा इंग्रजी वाचतानाचा आवाज मी रेकॉर्ड करीन आणि तो पालकांपर्यंत पोहोचवीन. सरांनी त्या ओळीपुढे ‘उत्तम’ लिहिलं. तो शब्द मी पांढुर्ण्याच्या आमच्या घरी आईला दाखवला, दुकानात जाऊन बाबांनाही दाखवला. आता ती फाईल कपाटात सगळ्यात खाली आहे आणि मी ती काढत नाही.

इंटर्नशिपला मला सौसरच्या पलीकडच्या एका खेड्यातली शाळा मिळाली. शाळा आठवीपर्यंतच होती, नववीसाठी सौसरला जावं लागे. आमचं राज्य हिंदी, त्यामुळे मुलं घरी मराठी बोलत, पुस्तकांतून हिंदी वाचत आणि इंग्रजीशी त्यांचा संबंध माझ्या तासापुरता. शाळेत एक स्मार्ट टीव्ही होता. तो आला तेव्हा नारळ फोडला होता, कुंकवाचं बोट अजून काचेच्या कोपऱ्यात होतं आणि वर टॉवेल झाकलेला. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “मॅडम, टीव्हीले हात नोका लावू. बिघडला तर मले उत्तर द्या लागते.” मी मान डोलावली आणि मनात हसले. माझ्या पर्समधला मोबाइल त्या टीव्हीपेक्षा आणि हेडमास्तरांपेक्षाही हुशार आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आठवीत खिडकीपाशी एक मुलगी बसायची. वाचायला उभी केली की पुस्तक तोंडासमोर धरून गप्प राहायची. शेजारच्या मुली सांगत, “ते नाही बोलत मॅडम. घरी बी नाही बोलत.” पण तिची वही मी पाहिली होती. धड्याखाली तिने स्वतःची इंग्रजी वाक्यं लिहिली होती, संत्र्याच्या झाडांवर, विहिरीच्या मोटारीवर, लोधीखेड्याच्या मावशीवर. चुका होत्या, पण ती वाक्यं तिची होती. बाकीच्या अख्ख्या वर्गाच्या वह्या गाईडमधून उतरवलेल्या.

एका दुपारी मी तिला माझा मोबाइल दिला. म्हटलं, “शाळेमागे जा, तिथे कोणी नसतं. हे लाल बटण दाब आणि धडा वाच. झालं की परत दाब.” ती बराच वेळ आली नाही. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी आली, दोन्ही हातांनी धरलेला मोबाइल माझ्या हातात दिला आणि जाऊन बसली.

मी तिथेच ऐकायला लागले. आधी वारा, लांबवर कुठे बकरी, आणि मग तिचा आवाज. अडखळत होती, पण प्रत्येक शब्द स्पष्ट. माझे डोळे भरून आले. पहिलं पान होईपर्यंतच मी इतकी हुरळले की पुढचं ऐकायला थांबलेच नाही. पालकांच्या ग्रुपवर ते टाकलं आणि खाली लिहिलं, ‘आपल्या गावाची लेक, नक्की ऐका.’ उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मला म्हणावं.

पालकांचा ग्रुप म्हणजे बाप, काका आणि मोठे भाऊ. आयांचे नंबर त्यात नव्हते, कारण घरातला मोबाइल बापाच्या खिशात असतो. हे मला माहीत होतं. माझ्या घरीही परवापरवापर्यंत असंच होतं.

संध्याकाळी पांढुर्ण्याच्या बसमध्ये असताना हेडमास्तरांचा फोन आला. “मॅडम, तुमी ते पूर्ण ऐकलं होतं काय?” मी इयरफोन लावले. धडा संपल्यावर तिने बटण दाबलं नव्हतं. थोडा वेळ नुसता वारा होता. मग अगदी हळू, मराठीत : “मॅडम, मले नववीत जाचं हाय. बाबा म्हणते आठवी झाली का बस, कापूस वेचाले माणूस भेटत नाही. तुमी काईतरी करा. पण बाबाले सांगू नोका.”

मी ते ग्रुपवरून काढलं. तोवर ते कितीतरी मोबाइलांत उतरलं होतं, गावातल्या चहाच्या टपरीवर वाजूनही झालं होतं. बस चालत राहिली आणि मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. चौथ्या दिवशी मी विचारत विचारत त्यांच्या वावरात गेले. तिघं कापूस वेचत होते, बाप, आई आणि ती, कमरेला कापडाच्या ओट्या बांधून. मुलींच्या शिक्षणावर चांगलं भाषण मी वाटेत तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, “भाऊ, चूक माझी आहे. तिने विश्वासाने मला सांगितलेलं मी गावाला ऐकवलं.”

तो रागावेल अशी माझी तयारी होती. तो हातातल्या बोंडाकडे पाहत म्हणाला, “लोकं म्हणून राहिले, पोरीले शिकू देत नाही म्हणे. ते जाऊ द्या, लोकं चार दिवस बोलतेत. पण मॅडम, रोज संगं जेवाले बसतो आमी. माही पोरगी मोबाइलसंग बोलली. माह्यासंग नाही बोलली.”

तेवढ्यात तिची आई म्हणाली, “मले तर कोनं ऐकवलंच नाही.” सगळ्या गावाने ऐकलं होतं, आईने नाही. माझा हात पर्सकडे गेला आणि या वेळी मात्र मी आधी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. मी हात मागे घेतला. निघताना बापाला नववीचं विचारलं, तर तो म्हणाला, “पाहू.”

आठवड्याने ती शाळेत आली. मी तिला वाचायला सांगितलं नाही. माझ्या शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर ती टेबलापाशी आली. “मॅडम, पुसा.” मी तिच्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं. तिने स्क्रीन नीट पाहिली आणि विचारलं, “अन् लोकाइच्या मोबाइलातलं?”

ते मला पुसता येणार नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. ती दप्तर उचलून गेली.

आता बी.एड. झालं आहे, शिक्षकभरतीची वाट पाहते आहे. मुलाखतीत तंत्रज्ञानाचं हमखास विचारतील. मी मोबाइल वापरणार आहे, आवाजही रेकॉर्ड करणार आहे, कारण ती मुलगी शाळेमागे बोलली हे खरंच आहे. पण ज्याचा आवाज त्याला विचारीन, आणि आधी शेवटपर्यंत ऐकीन. एवढं साधं उद्दिष्ट माझ्या सातांमध्ये नव्हतं.

यंदा एका शनिवारी आईबरोबर जामसावळीला गेले होते. दर्शनाच्या रांगेत त्या मुलीचा बाप दिसला, हातात नारळ घेऊन. त्यानेच ओळखलं. “सौसरले टाकली नववीत. बसनं जाते.” मला इतका आनंद झाला की आईने वळून पाहिलं. मी विचारलं, “इंग्रजीच्या तासाला वाचते का?”

“सर म्हणते, तोंड उघडत नाही.”

रांग थांबली होती. त्याने नारळ काखेत धरला आणि खिशातून मोबाइल काढला. “मी नाही पुसलं ते. कधी वावरात एकटा असलो का ऐकतो. शेवटचं जास्त ऐकतो. तिचं माह्यासंग बोलणं यातच हाय, मॅडम.”

“तिला माहीत आहे?”

“नाही.”

“मग तिला एकदा विचारा, भाऊ.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. तुमी इचारलं होतं काय, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. मोबाइल खिशात घातला आणि रांग सरकली तसा पुढे गेला.