बहिणीचा जर्मनीतला पत्ता

नव्वदच्या दशकात मी न्यूझीलंडमधल्या मनुरेवात घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणारी नर्स होते. दर मंगळवारी एका जर्मन आजींच्या पायाची जखम बांधायला जायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि नजर जवळजवळ गेलेली. पुण्यात असताना मी हौसेनं जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. हे कळल्यावर एकदा त्यांनी खणातून तीन पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. धाकट्या बहिणीला पाठवलेली पत्रं; तिन्ही न उघडता परत आलेली.

"आईच्या शेवटच्या आजारपणात मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "तो राग आहे. तिनंच परत पाठवली."

बहीण पूर्व जर्मनीतल्या एका खेड्यात राहायची. मी पाकीट खिडकीशी नेऊन त्यावरचा शिक्का वाचला.

"तिनं नाही पाठवली. या पत्त्यावर ही व्यक्ती सापडली नाही, असं पोस्टानं लिहिलंय."

त्यांनी पाकीट परत घेऊन त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती गेली असेल."

त्यांना एका दुःखातून काढून मी दुसऱ्यात लोटलं होतं. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी वेलिंग्टनच्या जर्मन वकिलातीला फोन केला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तिथले पिनकोड बदलले होते. चार आकड्यांचे पाच झाले होते. त्या खेड्याचा नवा आकडा त्यांनी सांगितला. मी तिथल्या चर्चच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. बहीण हयात होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती शेजारच्या गावात मुलीकडे राहत होती. पाद्र्यांनी पुढे लिहिलं होतं, 'दारावरच्या पेटीवर फक्त मुलीचं सासरचं आडनाव आहे. पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो. तेव्हा बहिणीच्या नावाखाली 'बाय' असं लिहून मुलीचं आडनाव घाला.' बाय म्हणजे आपलं 'द्वारा'.

मंगळवारी आजींनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. पाकिटावरचा पत्ता मात्र त्यांनी ओळीओळीनं वाचून दाखवायला लावला. मी इथल्या सवयीनं घरनंबर आधी लिहिला होता.

"आधी रस्ता, मग नंबर. आणि पिनकोड गावाच्या नावाआधी," त्या म्हणाल्या. "एकच्या डोक्याला तिरकी रेघ दे. सातच्या पोटातून आडवी. नाहीतर तिथे घोटाळा करतील."

मी दुसरं पाकीट घेतलं.

बहिणीचं उत्तर आलं, ते मी अडखळत वाचलं. 'मला वाटलं, तूच मला विसरलीस,' असं पहिल्याच ओळीत होतं. आजी सुरुवातीला माझे उच्चार सुधारत होत्या. मग ते थांबलं. मी वर पाहिलं, तर त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढे दोन वर्षं पत्रं चालली. एका थंडीत आम्ही लोकरीचे मोजे आणि अंथरुणात बसताना घालायचं बेडजॅकेट पार्सलनं पाठवलं. बहिणीनं ते घालून काढलेला फोटो आला. त्यात काय काय दिसतंय ते मी आजींना दोनदा सांगितलं.

मग एका मंगळवारी पेटीत काळ्या किनारीचं पाकीट होतं. जर्मनीत अशी पाकिटं कुणी गेल्याचं कळवायला असतात, ते मला ठाऊक होतं. मी ते हातात घेऊन पायरीवरच थोडा वेळ उभी राहिले.

आत गेल्यावर आजींनी विचारलं, "पत्र आलं का?"

"आलं. तुमच्या भाचीचं आहे."

"तिचं नाही?"

"नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं. ते न उघडताच त्या जर्मनमधून हळू आवाजात बहिणीशी बोलायला लागल्या. मला निम्मंच कळत होतं. आईचं काहीतरी होतं, बर्फाचं काहीतरी. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. त्या दिवशी पायाची पट्टी बदलायला खूप उशीर झाला.