बर्फवाल्या काकांचं गाऱ्हाणं

पावसजवळच्या आमच्या वाडीत सगळे त्यांना बर्फवाले काका म्हणत. तरुणपणी ते अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेले होते, पुढे आयुष्यभर समुद्राचा अभ्यास केला, आणि निवृत्त होऊन परतल्यावर कलमांच्या बागा राखणाऱ्या नेपाळी गुरख्यांची दुखणी आणि त्यांच्या पोरांच्या शाळा बघू लागले. "बर्फात अडकलेल्याला गाव विचारत नाहीत," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मी पत्रकं वाचून वाढलेली. माझं बरंच लांब होतं आणि छापील होतं.

यंदा आंबा संपल्यावर एका बागायतदाराने बागेतला मांगर, म्हणजे राखणदाराची खोपी, रिकामा करायला सांगितला. आत गुरखा आणि त्याची बायको. तिचे दिवस भरत आलेले. नेपाळपर्यंतचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. देवळाशेजारची धर्मशाळा मोकळीच होती, पण देवस्थानचा अध्यक्ष तोच बागायतदार. "बाहेरच्यांना नाही," म्हणाला. मी पेटले. पत्रक काढलं, 'धर्मशाळा कुणाची?' वाडीने त्यात सुकट बांधली.

काका म्हणाले, "उद्या देवळात ये. आणि तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं होतं. एकाने देवापुढे गावाचं मागणं मांडायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला होकार भरायचा. यंदाचा मान काकांच्या घराचा.

"बा देवा महाराजा, पोराबाळांना सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!"

"चाकरमान्यांना बढती दे!"

"व्हय महाराजा!"

काकांनी वेग वाढवला. मोहोर, मासळी, माकडं... माणसांना दम घ्यायला फुरसत नाही.

"मांगरातल्या लेकीचं बाळंतपण धर्मशाळेत सुखरूप होऊ दे, तिला तिथनं कोणी उठवू नये!"

"व्हय महाराजा!" अध्यक्षांचा आवाज सगळ्यांत वर.

मग कुणीतरी खोकलं.

"काका, ही लबाडी झाली हां," अध्यक्ष म्हणाले.

"मग माघार घे की. देव समोरच आहे, सांग त्याला."

अध्यक्षांनी देवाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती पदरात तोंड लपवून हसत होती. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, पण जाताजाता म्हणालेच, "खिडक्या फुटक्या आहेत. वारा येईल."

"फटी कागदाने बुजतात," काका म्हणाले. "बर्फावर आम्ही तेच करायचो. हिच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पडलेत."

मी फार भांडले. मग चिकटवायला खळ मीच शिजवली.

मुलगी झाली. आईच्या कुशीत ती झोपलेली असते, आणि वरच्या खिडकीत वाऱ्याने फडफडतं, उलटं चिकटलेलं: 'धर्मशाळा कुणाची?'