चार वाजताची सही

लेन बॉरिलनं बासष्ट वर्षांत एकदाच खोटी सही केली, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या नावाची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात लोक काहीही बोलतात, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना धड माशाचं पोट फाडता येत नाही.

हंबर नदीच्या मुखावरच्या या गावात बॉरिलांनी तीन पिढ्या गोदीवर मासळी उतरवली. आमचा लेन सोळाव्या वर्षी गोदीत शिरला. भरलेली पेटी एकटा उचलायचा आणि वर शीळ घालायचा, हे बघितलेली माणसं अजून जिवंत आहेत. पुढं बोटी भंगारात गेल्या. लेन गोठवलेल्या मासळीच्या कारखान्यात गेला, तर तोही बंद पडला. साठीला आलेल्या माणसाला कोण काम देतं? तरी लेननं सरकारी खिडकीवर हात पसरला नाही. बॉरिल पसरत नाहीत. तो हेरन हाऊसमध्ये बदलीवर लागला.

हेरन हाऊस म्हणजे तुरुंगातून अटींवर सोडलेली माणसं काही महिने नजरेखाली ठेवायची जागा. तेवीस खोल्या, दारावर कॅमेरा, रात्री अकरानंतर बाहेर पडायचं नाही. शिवाय ज्याला जी वेळ लावून दिलेली असेल त्या वेळेला ऑफिसच्या खिडकीशी येऊन हजेरीच्या कागदावर सही करायची. वेळ चुकली तर वरपर्यंत कळवायचं, आणि वरचे ठरवणार की हा बाहेर राहतो की परत आत जातो.

तिथं कायमची माणसं आठ. त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं, रजेवर गेलं, की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन यायचा, आणि लेन डबा घेऊन निघायचा. कधी आठवड्यात पाच पाळ्या, कधी तीन आठवडे एकही नाही. बदलीवाल्याला कॉम्प्युटरचा पासवर्ड नाही. जे घडेल ते वहीत लिहायचं, कायमची माणसं मग ते आत चढवणार. बदलीवाल्यानं स्वतःच्या डोक्यानं कुणाला पाच मिनिटांचीसुद्धा सवलत द्यायची नाही. त्यासाठी वरिष्ठांना विचारायचं.

तिथली पोरं त्याला आजोबा म्हणायची आणि खेचायची. एकानं तर तोंडावर म्हटलं होतं, "आजोबा, आम्हाला निदान सुटायची तारीख असते. तुला उद्याची पाळी माहीत नसते." लेन हसला होता, पण घरी येऊन त्यानं बायकोला, मोरीनला, ते दोनदा सांगितलं.

तरी पोरं त्याचं ऐकायची. कायमच्यांचं ऐकायची नाहीत एवढं. कुणी भांडायला उठलं की लेन दोघांच्या मध्ये चहाचे मग घेऊन उभा राहायचा, आणि गरम चहा हातात आला की माणसाला मूठ वळता येत नाही. हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवत नाहीत.

तिथं आयव्हर स्टॅमर्स नावाचा एक माणूस होता. एकोणसाठ वर्षांचा, जन्मठेपेचा, तेवीस वर्षं आत काढून आलेला. दारूच्या भरात त्यानं मेहुण्याला मारलं होतं. तो ते लपवायचा नाही, आणि लेन विचारायचा नाही. तरुणपणी आयव्हर दोन हंगाम मासेमारीच्या ट्रॉलरवर स्वयंपाकी होता. लेनला तेवढं पुरलं. दुपारी दोघं टोस्ट खात बसायचे आणि कुठली बोट कधी बुडाली यावर वाद घालायचे.

जन्मठेपेचा माणूस सुटला तरी सुटत नाही. मरेपर्यंत अटी. एक अट मोडली की परत आत, आणि मग पुन्हा कधी सोडायचं ते सुटकेचं मंडळ ठरवणार. दोन वर्षं लागोत, सहा लागोत. आयव्हरला हे पाठ होतं. चारच्या सहीनंतर सकाळपर्यंत त्याला बाहेर पडायची बंदी होती. चार वाजताच्या सहीला तो पावणेचारलाच खिडकीशी येऊन उभा असायचा, टोपी हातात धरून.

नोव्हेंबरात त्याला नगरपालिकेनं एका खोलीचं घर मंजूर केलं. तिसरा मजला, एक खिडकी. चावी गुरुवारी मिळणार होती. सोमवारी त्याला घर बघायला जायची परवानगी मिळाली, एक ते चार. नेमकी त्या दिवशी लेनची पाळी होती. लेननं घरून मापाची टेप आणून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, खिडकीचं माप घेऊन ये, मोरीन पडदा शिवून देईल. आयव्हरनं टेप आतल्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा चाचपून बघितली.

चारला दहा कमी असताना ऑफिसचा फोन वाजला.

"लेन, बस आली नाही," आयव्हर म्हणाला. "पुढची चार वीसला आहे. चालत आलो तर सव्वा तास लागेल."

लेननं त्याला सांगितलं की तिथंच थांब, बसनंच ये, मी बघतो. आयव्हरचा आवाज असा झाला होता की लेनला वाटलं, माणूस रस्त्यातच खाली बसेल.

त्या दिवशी वरिष्ठ म्हणून गेनॉर टास्कर होती. बाई वाईट नव्हती. तिनंच महिन्यापूर्वी लेनला कायमच्या जागेचा फॉर्म आणून दिला होता आणि भरूनही घेतला होता. ती वरच्या मजल्यावर बैठकीत होती. लेननं वर फोन लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही. खिडकी सोडून वर जाता येत नव्हतं, चारच्या सहीला लोक येऊन उभे होते. त्यांनी सह्या केल्या आणि ते गेले. घड्याळात चार वाजले. कागदावर एकच चौकोन रिकामा राहिला.

इथं गोदीची एक गोष्ट सांगायला हवी. फाटकाशी लाकडी फळा असायचा, त्यावर खिळे. प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आलं की आपला बिल्ला खिळ्याला टांगायचा. भोंगा झाला तेव्हा ज्याचा बिल्ला खिळ्यावर नाही, त्याची दिवसाची मजुरी गेली. म्हणून सोबतीला उशीर झाला तर आधी आलेला त्याचा बिल्ला टांगायचा. याला कुणी चोरी म्हणायचं नाही. जो टांगायचा नाही, त्याच्या शेजारी बसून कुणी डबा खायचं नाही. लेनला हे पहिल्याच दिवशी थोरल्या भावानं शिकवलं होतं, आणि शिकवण्यात काही चुकलं असं आजही कुणी म्हणून दाखवावं.

लेननं पेन उचललं आणि आयव्हरच्या चौकोनात सही केली. आयव्हर आडनावातल्या एसची शेपटी खाली ओढायचा, तशी ओढली. वेळ घातली, चार.

दहा मिनिटांनी गेनॉर जिना उतरून आली. हसत होती. घराची चावी गुरुवारऐवजी बुधवारीच मिळणार होती आणि तिला ते स्वतः आयव्हरला सांगायचं होतं. तिनं कागद बघितला, सही बघितली आणि आयव्हरच्या चौदा नंबरच्या खोलीकडे गेली. परत आली आणि म्हणाली, खोलीत नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं. लेनला ते कळत होतं. तोंडही उघडलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "असेल इकडंच कुठंतरी."

तिनं न्हाणीघर बघितलं, स्वयंपाकघर बघितलं, मागचं अंगण बघितलं. कागदावर माणूस आत आहे आणि घरात माणूस नाही, म्हणजे भिंतीवरून गेला. जन्मठेपेचा. नियमाप्रमाणे तिनं पोलिसांना फोन केला. लेन खिडकीमागं बसून होता. बस आली असेल, असं तो मनात म्हणत होता, पुलापाशी आली असेल, आत्ता येईल आणि सगळं मिटेल. आणि खोटं कशाला बोला, त्या फॉर्मचाही विचार त्याच्या डोक्यात आला. आला आणि बसून राहिला.

पावणेपाचला आयव्हर आला. गारठ्यानं गाल लाल झालेले, हातात टेप. गेनॉरनं कागद त्याच्यापुढं सरकवला आणि कुठं होतास विचारलं.

आयव्हरनं आपलं नाव बघितलं. परक्या हातानं लिहिलेलं. मग एक क्षण लेनकडं बघितलं.

"सही करून परत बाहेर गेलो," तो म्हणाला. "सिगारेट आणायला."

आयव्हर सिगारेट ओढत नव्हता.

"खोटं बोलतोय तो," लेन म्हणाला. "सही मी केलीय. त्याची बस चुकली, त्यानं फोन केला होता. दहा कमी चारला."

गेनॉरनं कागद उचलला. तिनं आयव्हरला खोलीत पाठवलं आणि लेनला आपल्या ऑफिसात नेलं. खुर्चीत बसली, कपाळ चोळलं. म्हणाली, नुसता उशीर झाला असता तर वहीत एक ओळ पडली असती. बस चुकली, फोन केला होता. फार तर एक ताकीद.

"मग आता लिही तसं," लेन म्हणाला. "सही माझी, गुन्हा माझा."

"सहीचं राहिलंच नाही आता. पोलिसांना कळवून झालंय. वरचे विचारणार, यानं इथल्या माणसाला हाताशी कसं धरलं?"

"त्यानं कुणाला धरलं नाही. त्यानं मागितलंसुद्धा नाही. मी माझ्या मनानं केलं."

"लेन," ती म्हणाली, "ज्यांना हाताशी धरलेलं असतं ना, ती माणसं अगदी हेच बोलतात."

लेननं तिथंच बसून दोन पानं जबाब लिहिला. शाळा त्यानं पंधराव्या वर्षी सोडली, शुद्धलेखनाचं विचारू नका. पण एक शब्द लपवला नाही. बिल्ल्याचंसुद्धा लिहिलं. टोस्टचं लिहिलं, टेपचं लिहिलं. माणूस कसा आहे ते वरच्यांना कळावं म्हणून.

संध्याकाळी वरून त्याला परत आत न्यायचा हुकूम आला आणि दोन पोलीस शिपाई आले. आयव्हरनं कोट घातला, टोपी घातली. खिडकीशी थांबून त्यानं टेप लेनला परत दिली आणि बसच्या जुन्या तिकिटावर लिहिलेलं माप दिलं. अठ्ठेचाळीस इंच बाय छत्तीस.

"तू बोलायला नको होतंस," तो म्हणाला.

"तू पण," लेन म्हणाला.

शिपायानं आयव्हरच्या कोपराला हात लावला. जिन्यावर उभी राहून सगळी पोरं बघत होती, आणि त्या दिवशी कुणी लेनला आजोबा म्हणालं नाही.

बदलीवाल्याला कामावरून काढत नाहीत, फोन वाजत नाही एवढंच. लेन फोन चार्ज करून ताटाशेजारी ठेवायचा. ख्रिसमस गेला. कायमच्या जागेचं उत्तर आलं नाही, 'नाही' एवढंसुद्धा आलं नाही. मोरीन म्हणायची, तू फोन कर एकदा, गेनॉरला विचार. लेन म्हणायचा, बॉरिल विचारायला जात नाहीत. आणि बरोबरच होतं त्याचं.

फेब्रुवारीत बाजारात हेरन हाऊसचा स्वयंपाकी भेटला. त्याच्याकडून कळलं. मंडळापुढं आयव्हरची फाइल गेली. पुढची सुनावणी दोन वर्षांनी. फाइलीत लिहिलंय की हा माणूस देखरेखीच्या लोकांशी जवळीक वाढवून त्यांचा वापर करतो. पुरावा म्हणून जोडलीत लेनचीच दोन पानं. टोस्ट आणि टेपच्या ओळींखाली कुणीतरी रेघ मारलीय.

लेन बाजारातून पिशवी न घेताच घरी आला. मोरीन जाऊन पिशवी घेऊन आली.

मग त्याला आयव्हरला पत्र लिहायचं होतं. नुसतं एवढंच, की मी ते तुझ्यासाठी लिहिलं होतं. पण कामाला लागताना सही केलेल्या कागदात होतं, इथल्या माणसानं इथं राहिलेल्यांशी बाहेर संबंध ठेवायचा नाही. आयव्हरवर आणखी बालंट नको म्हणून लेननं ठरवलं की आधी रीतसर राजीनामा द्यायचा. एजन्सीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलायची.

"मिस्टर बॉरिल, राजीनामा द्यायला आधी नोकरी असावी लागते. तुमचं नुसतं यादीत नाव आहे."

लेन म्हणाला, मग यादीतून काढ. ती म्हणाली, ते हेरन हाऊसनं कळवायला हवं. हेरन हाऊसमध्ये एका नव्या पोरानं फोन उचलला. तो म्हणाला, बदलीवाल्यांची यादी आम्ही ठेवत नाही, ती एजन्सी ठेवते.

लेननं तरीही पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, तेव्हा कुठं एक पान जमलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं, उघडलेलं, वर शिक्का मारलेला. पाठवणाऱ्याला परवानगी नाही. आयव्हरच्या हातात ते गेलं की नाही, तेसुद्धा शिक्क्यावरून कळत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आता एक बाई लहान मूल घेऊन राहते. बसच्या रस्त्यावरून खिडकी दिसते. लेन ती बस घेत नाही, लांबून फिरून जातो.

मोरीननं पडदा शिवला होता. निळा, खाली दुहेरी टीप घालून. चावी गुरुवारी मिळणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून टेबलावर पडलेल्या तिकिटावरचं माप बघून तिनं मंगळवारी रात्रीच संपवला होता, लेननं तिला काय घडलं ते सांगायच्या आधी. परवा तिनं तो कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून बघितला. चार बोटं कमी पडला. तिनं तो घडी करून परत ठेवला.