माजी साडू

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. उभं आयुष्य दुसऱ्यांना वर नेऊन सोडण्यात गेलं, आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येतात, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीची आहे आणि तिचा आवाज ह्यांना पसंत नाही. एवढं सांगितलं की माणूस निम्मा कळतो. उरलेला निम्मा वर्षातून एकदाच दिसतो, शनिवार-रविवार जोडून बाहेर जायचा बेत आखताना.

बेत असतो बिअरचा. दुकानात बाटलीत मिळते ती नव्हे. लहान गावातून कुणी हौशी माणूस स्वतःच्या भट्टीत थोडी थोडी करतो, ती क्राफ्ट बिअर. एक गाव निवडायचं, तिथली बिअर प्यायची, चांगलंचुंगलं खायचं आणि मधल्या वेळात गावात जे काय बघण्यासारखं असेल ते बघून यायचं. जायचं दोघांनीच. दुसरा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, ह्यांचा साडू. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दोन दिवसांत हे दोघे मिळून जितकं बोलतात तितकं मी भाजी घेताना बोलते, पण परत येतात ते चेहरा उजळून.

आणि बेत आखायची पद्धत लिफ्ट तपासण्याचीच. आधी सगळीकडे फोन. भट्टीवाल्याला विचारणार, नवीन पिंप कधी उघडता, बसायच्या खुर्च्यांना पाठ आहे की नुसती बाकडी? खानावळीला विचारणार, स्वयंपाकघर कधी बंद होतं, आणि बंद म्हणजे खरंच बंद, की ओळखीवर चालू? गावात जुना मनोरा असला तर वर जायला जिना की लिफ्ट, आणि लिफ्ट असलीच तर शेवटची तपासणी कधी झाली. पिण्याचाही क्रम ठरलेला. आधी फिकट, मग गव्हाची, शेवटी काळी, आणि मध्ये मध्ये पोटात काहीतरी घालायचं. रिकाम्या पोटी काळी घेतली की मनोरे दोन दिसतात म्हणे. हे सगळं ऐकीव, मला त्या बिअरचा वासही सोसत नाही.

गेल्या वर्षी धाकटीने नवऱ्याला सोडलं. मारहाण नाही, बाहेरची भानगड नाही, दारू म्हणाल तर हीच काय ती. तो बोलायचा नाही, एवढंच. कामावरून यायचा, जेवायचा, ताट विसळायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. तिने खूप वर्षं वाट पाहिली आणि एक दिवस वकील गाठला. सगळं रीतसर मोकळं झाल्यावर आमच्या घरी येऊन तिने जाहीर केलं, की ह्यापुढे तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. आम्ही कानाला खडा लावला. ह्यांनी तर तो असा लावला, की टीव्हीवर चष्म्याची जाहिरात आली तरी चॅनेल बदलायचे.

त्यामुळे यंदाचा बेत आपोआप रद्द झाला असं मी धरून चालले होते. पण एका सकाळी हे गॅलरीत उभे राहून कुणालातरी खुर्च्यांच्या पाठींबद्दल विचारताना दिसले. मी विचारलं तर म्हणाले, एकटाच जाऊन येतो म्हणतो. मी बरं म्हटलं. मग हॉटेलला फोन लागला. खोली एक, पलंग दोन. पलीकडून बहुधा दुसऱ्या पाहुण्याशी नातं विचारलं असावं. हे फोन कानाला धरून गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले.

"माजी साडू," हे म्हणाले. पलीकडच्याला नीट कळलं नसावं, कारण मग ह्यांनी ते अक्षरं सुटी करून सांगितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बहिणीचा संसार मोडला आणि ह्यांना काळी बिअर सुचतेय. मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. जायचंच आहे तर कामावरची एवढी माणसं आहेत, त्यांतलं कुणी न्या, असंही म्हटलं.

"त्यांच्याशी बोलावं लागतं," हे म्हणाले. मग भिंतीकडे बघत, "आणि घटस्फोट तिने घेतला. मी कुठे सही केली?"

ह्यांना जे फोन येतात ते लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे. आपणहून फोन करावा असा जगात एकच माणूस ह्यांना होता, आणि तो गेला की मागे कुणीच उरत नव्हतं. हे मला दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण धाकटीला कळलं तर ती माझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, हेही दिसत होतं. शेवटी ठरलं, की तिला ताकास तूर लागू द्यायची नाही. ह्यांनी मान हलवली.

नेमकी ती शुक्रवारी संध्याकाळी दोन दिवस राहायला म्हणून आली. दारातच ह्यांची भरलेली बॅग. कुणाबरोबर चाललात, तिने सहज विचारलं. मी कामावरचे लोक म्हणायला तोंड उघडलं, तोवर हे "त्याच्याबरोबर" म्हणून मोकळे झाले होते.

ती चपला न काढताच खुर्चीत बसली. "भावोजी, तो आता तुमचा कोण लागतो?"

ह्यांनी खरोखर विचार केला. "हॉटेलवाल्यानेही हेच विचारलं," म्हणाले.

आता ही उठून चालती होणार म्हणून मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती उठली, पण पाणी प्यायला. पेला जागेवर ठेवून म्हणाली, जा, पण आल्यावर त्याच्याबद्दल एक अक्षरही मला ऐकायचं नाही. हे बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅग उचलून गेले.

धाकटी रविवारी दुपारी परत जाणार होती. दुपारची संध्याकाळ झाली. तेवढ्यात तिने माझं कपाट आवरलं, मी नको नको म्हणत असताना. मग हे आले, हातपाय धुतले आणि चहा घेता घेता सांगायला बसले.

शब्द मात्र पाळला. आपल्या भाषेत ही एक सोयच आहे, 'गेलो' म्हटलं की एक पुरुषही जातो आणि दोनही. मनोऱ्यावर चढलो, लिफ्ट होती पण नकोशी वाटली. नदीकाठी जुनी पाणचक्की आहे, तिथे हिंडलो. गव्हाची जरा आंबट निघाली, काळी उत्तम. भाजलेली कोंबडी, तळलेले बटाटे, ताजा पाव. सकाळी पुलावर बसलो, बराच वेळ बसलो. कोण कोण बसलं ते ह्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. धाकटी उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती. घातलेली मोडून पुन्हा तीच घालत होती.

"जेवतो का नीट?" तिने विचारलं.

ह्यांना ती अहो-जाहो करते. 'जेवतो' ह्यांच्यासाठी नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं. शब्द दिलेला माणूस, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगा म्हणून मान हलवली.

"अर्धं ताटातच ठेवतो," हे म्हणाले.

धाकटीने अभ्रा बाजूला ठेवला.

"मग पुढच्या खेपेला थोडं थोडं मागवा," ती म्हणाली. "एकदम पुढ्यात आलं की त्याला जात नाही."