होम थिएटर आणि बाबांची मंगलाष्टकं

माझ्या नवऱ्याला वस्तू विकत घेता येत नाहीत, नुसत्या बघता येतात. आमच्या डोंबिवलीच्या घरात नवा मिक्सर यायला आठ महिने लागलेले, आणि तोवर मी चटण्या शेजारणीकडे जाऊन वाटत होते. त्यामुळे गेल्या वर्षी "आपण होम थिएटर घेतोय" असं त्याने जाहीर केलं तेव्हा मी आणि मुलगा एकमेकांकडे बघून हसलो. म्हटलं, बघू दे बिचाऱ्याला.

पण या वेळी कारण खरं होतं, आणि ते माझ्या आईचं होतं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झालेली. आई ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या घरात एकटी राहते. मी एका रविवारी गेलेले, तर वरणभात कालवता कालवता म्हणाली, "यांचा आवाज आठवेनासा झालाय गं मला. चेहरा दिसतो, चालणं दिसतं, आवाज काही केल्या येत नाही."

घरी येऊन मी फोन उघडला आणि बाबांचे सगळे व्हिडिओ बघितले. एकाही व्हिडिओत बाबा बोलत नाहीत! फोन समोर धरला की फोटोच काढतायत असं समजून ते शर्टाची कॉलर नीट करून ताठ उभे राहायचे. माझ्याकडे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अकरा व्हिडिओ आहेत, ज्यांत माझे वडील पापणीसुद्धा हलवत नाहीत.

मग मला आमच्या लग्नाच्या सीड्या आठवल्या. तीन सीड्यांचा संच. एक नंबर हळद, दोन नंबर लग्न, तीन नंबर रिसेप्शन. दोन नंबरमध्ये बाबा माइकवर मंगलाष्टकं म्हणतात, तीही स्वतः रचलेली. गुरुजी घड्याळाकडे बघत होते आणि बाबा थांबायला तयार नव्हते. त्यांचा आवाज म्हणाल तर फरशीवरून टेबल ओढल्यासारखा. आईने जन्मभर त्यांना "तुम्ही गाऊ नका हो" एवढं एकच सांगितलं असेल. पण आता तिला तोच आवाज हवा होता.

तुम्ही म्हणाल, सीडी लग्नानंतर बघितली नव्हती का? बघितली ना! सासरी, एकदाच, पंधरा नातेवाइकांसोबत. त्यात प्रत्येक जण फक्त स्वतःला शोधत होता. "थांब थांब, मागे घे, मी होते तिथे!" या आरड्याओरड्यात टीव्हीचा आवाज कुणाला ऐकू येणार? नंतर त्या सीड्या लोखंडी कपाटात साड्यांखाली गेल्या त्या गेल्याच.

मुलगा म्हणाला, "आई, सिंपल आहे. एक ड्राइव्ह मागव, लॅपटॉपला लाव, झालं."

"झालं?" नवरा उसळला. "आजीला कानाने कमी ऐकू येतं. त्या टिचभर स्पीकरवर ऐकवणार तिला आजोबांचा आवाज? लाज वाटते का रे?"

स्वतःची हौस इतक्या पवित्र जागी नेऊन ठेवायला अक्कल लागते, आणि ती त्याला भरपूर आहे.

मग बघणं सुरू झालं. सीडी लागली पाहिजे, डीव्हीडी लागली पाहिजे, पेन ड्राइव्ह लागला पाहिजे, हार्ड डिस्क लागली पाहिजे, फाइल कुठल्याही प्रकारची असो, तोंड वाकडं न करता चालली पाहिजे. मी म्हटलं, अशी सून शोधलीस तरी मिळणार नाही. जेवताना फोनवरच्या व्हिडिओत कुणीतरी हेडफोनवाला माणूस बोलत असायचा आणि आमटी निवत असायची. पाच स्पीकर आणि एक वूफर. वूफर म्हणजे काय, तर ज्याने खालचे लोक भांडायला वर येतात ते.

कल्याणच्या दुकानात गेलो तेव्हा नवरा घरून एक नंबरची सीडी घेऊन गेलेला, लावून बघायला. दोन नंबरची त्याने रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेली. तिला ओरखडा पडला तर काय घ्या! दुकानदाराने सीडी घातली. मशीनने ती जराशी फिरवली आणि जेवण नको असलेल्या पोरासारखी बाहेर ढकलली.

"व्हीसीडी आहे ओ ही," दुकानदार म्हणाला. "हे नवीन मशीन आहे. ह्याला जुनं काय कळत नाय."

दुसरं मशीन आणलं, त्यानेही ढकलली. तिसऱ्यात चित्र आलं पण सगळे लोक हिरवे. कल्याण झालं, मग शीळफाट्याच्या पुढे एक मोठं गोदामवजा दुकान आहे असं कळलं, तर भर दुपारी तिकडे. फाट्यावर कंटेनरांच्या मधोमध पाऊण तास उभे होतो, नवरा प्लेअरचे गुण सांगत होता आणि मी गाडीच्या दाराचं हँडल धरून देवाचं नाव घेत होते. तिथेही नाही. शेवटी ठाण्यातल्या एका दुकानात, भिंतभर टीव्हीवर, एक नंबरची सीडी लागली. आणि लागली म्हणजे काय लागली! अख्ख्या दुकानात पाच फुटांचं माझं तोंड, हळदीने माखलेलं, दात काढून हसणारं. फ्रिज बघायला आलेली माणसं फ्रिज सोडून आली. एक काकू टीव्हीला म्हणाल्या, "किती बारीक होती हो पोरगी!" आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मागे सनई, ढोलकी, सिनेमाची गाणी असं सगळं खणखणीत वाजत होतं. हळद म्हटल्यावर गाणी असणारच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

ते मशीन आम्ही घेतलं. सहा महिने लागले, पण घेतलं. मिक्सरपेक्षा लवकर.

त्या रविवारी आईला ठाण्याहून आणलं. ती मोरपिशी सिल्कची साडी नेसून आली, कानात कुड्या, दंडात न बसणारा जुना ब्लाउज कसाबसा चढवलेला. "अगं, घरातच बघायचंय," मी म्हटलं. "मग?" ती म्हणाली. "लग्नाला जायचं तर असंच येऊ?"

नवऱ्याने टेपने मोजून एक खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवलेली. आवाज म्हणे तिथेच सर्वांत चांगला येतो. आईला दिवाणावर भिंतीला टेकून बसायचं होतं. पाच मिनिटं वाद झाला. शेवटी जावयाचा मान राखून ती खुर्चीत बसली, तर मागच्या स्पीकरमधून सनई वाजली आणि ती वळून म्हणाली, "कोण आलंय बघ गं."

दोन नंबरची सीडी सुरू झालेली. आधी आम्ही दोघं एका सफरचंदात, मग गुलाबात, मग गोल गोल फिरत ढगांत गेलो. मुलगा हसून लोळत होता. मग स्टेज दिसलं, अंतरपाट दिसला, गुरुजी बाजूला झाले आणि बाबा माइकपाशी आले. फेटा, खिशातून काढलेला कागद, चष्मा. व्हिडिओवाल्याने कॅमेरा अगदी त्यांच्या तोंडाजवळ नेलेला. आई खुर्चीत पुढे सरकली. बाबांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि पाच स्पीकर आणि एका वूफरमधून एक बाई गायला लागली.

सिनेमाचं गाणं! कंगन, साजन, बहार! बाबांचे ओठ हलतायत आणि आतून ती बाई लाडेलाडे गातेय. मुलगा फस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक करायला लागला. नवऱ्याने रिमोट हातात घेतला. जुन्या सीडीत कधी कधी डाव्या बाजूला एक आवाज असतो, उजव्या बाजूला दुसरा, असं तो पुटपुटत होता. डावीकडे बाई. उजवीकडे तीच बाई. तीन नंबरची सीडी लावली, तिच्यातही गाणीच गाणी. त्या मेल्या व्हिडिओवाल्याने अख्ख्या लग्नात एका माणसाचा आवाज ठेवला नव्हता. तेव्हा सगळे तसंच करायचे म्हणे, लोकांना तेच आवडायचं. आवडायचं कसलं डोंबल! मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की मुलाने खिडकी लावून घेतली. राग त्याचा नव्हताच खरं तर. बाबांचा आवाज मी आईला कबूल केलेला, आणि आता तो कुठेच नव्हता. आईकडे बघायची माझी हिंमत होईना.

"जावईबापू," आई म्हणाली, "ती दोन नंबरची परत लावा. हे उभे राहतात तिथपासून. आणि आवाज बंद करा."

"कमी करू?"

"बंद करा हो. पूर्ण."

नवऱ्याने आवाज बंद केला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. टीव्हीवर बाबांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि आई म्हणायला लागली.

"मामा, मावशि आणि सर्व जन हो, घ्यावे जरा जेवुनी..."

अगदी ओठाला ओठ जुळवून. बाबांनी महिनाभर घरात सराव केलेला. ही तांदूळ निवडत असायची आणि "पुरे करा" म्हणत असायची. तेव्हा सगळं पाठ झालेलं. तिने चालही त्यांचीच धरली, ती बेसूर, टेबल ओढल्यासारखी. ते श्वास घ्यायला थांबले की ही थांबायची. त्यांनी कागद उलटा केला, तेवढा वेळ ही गप्प. मुलगा जमिनीवर मांडी घालून आजीकडे बघत होता, टीव्हीकडे नाही.

चौथ्या कडव्यात बाबा मध्येच थांबले. लग्नात माझी त्यांच्याकडे पाठ होती, समोर अंतरपाट, त्यामुळे मला तेव्हा फक्त माइक शांत झालेला कळलेला. विसरले असतील, असं मी इतकी वर्षं समजत होते आणि सगळ्यांना हसत सांगतही होते. टीव्हीवर बाबांनी कागद वर उचलून तोंडासमोर धरलेला. कागद हलत होता.

"विसरले नव्हते गं," आई म्हणाली. "त्यांना पुढचं म्हणवेना."

आणि मग तिने ती ओळ म्हटली, त्यांच्याऐवजी, न थांबता.

"माझी लेक निघे घरातुन अशी, डोळ्यांत पाणी नको."

मी कधी उठले, कधी टीव्हीपाशी जाऊन त्या कागदावर हात ठेवून हमसाहमशी रडायला लागले, मला कळलंच नाही.

"बाजूला हो गं जरा," मागून आई म्हणाली, "मला ते दिसत नाहीयेत."