पटाशीच्या मानेवरची खूण

खंडेनवमीची सकाळ. हे पहिल्या पाळीला गेले होते. कुकरची शिट्टी व्हायची होती आणि मी मोरीत बसून, पूजेत मांडायची म्हणून विळी राखेने घासत होते. दारावर थाप पडली. बेल सोडून थाप मारणारा आमच्या इमारतीत एकच माणूस, खालच्या मजल्यावरचे पुंडलिककाका.

एरवी ते उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, कामात हाय काय. आज काही न विचारता आत आले, हातातलं पंच्याचं गाठोडं फरशीवर ठेवलं आणि सोडलं. आत त्यांच्या जुन्या पटाश्या होत्या. सुताराची लाकूड कोरायची पटाशी असते ना, त्या. गंजक्या, काळ्या, डागांच्या म्हणून मी त्यांना ओळखत होते. आता सगळ्या दुकानातल्या नव्या चमच्यांसारख्या लखलखत होत्या.

"पोरानं, विपुलनं, कंपनीत नेऊन मशीनच्या चाकावर बफ मारला," काका म्हणाले. "पूजेला चांगल्या दिसाव्या म्हणून."

काका मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचे. वडील होड्या बांधायचे. काकांनी मात्र तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली. वडील गेले, दिवसवार झाले, आणि काका कामावर परतले तेवढ्यात थोरल्या भावाने घर आवरताना हत्यारांची पेटी भंगारात देऊन टाकली. भावाला वाटलं, घरात आता सुतारकाम करणार कोण? ते काकांनी तेव्हा गिळलं. पण निवृत्त झाले आणि पेटीच्या शोधाला लागले. बोईसरचे भंगारवाले, पाम गावातली बंद पडलेली एक सुतारशेड, चिंचणीचा बाजार. जुनी पटाशी दिसली की घरी आलीच. सूनबाई स्वाती म्हणते, आमच्याकडे मासळीपेक्षा लोखंडच जास्त येतं.

काकांच्या डोळ्यांना बारीक अक्षरं लागत नाहीत, म्हणून ती वाचायचं काम माझं. त्यातून मलाही थोडं कळू लागलं. विलायतेतून आलेल्या पटाशीच्या पात्यावर कारखान्याचा शिक्का असतो. गावच्या लोहाराने घडवलेली असली तर मान किंचित तिरकी आणि अंगावर हातोडीचे ठोके. पण काकांना खरी हवी होती ती तिसरी गोष्ट. किनाऱ्यावर एका होडीवर चार-पाच सुतार मिळून काम करत. हत्यारं ढलप्यांत पडायची, एकमेकांत मिसळायची. म्हणून ज्याने त्याने मुठीखाली, लोखंडाच्या मानेवर आपली खूण ठोकलेली असायची. काकांच्या वडिलांची खूण म्हणजे दोन उभे घाव आणि खाली एक आडवा.

नवरात्र बसायच्या थोडं आधी चिंचणीहून एक रुंद पटाशी आली होती. मानेवर गंजाचा पापुद्रा, पण त्याखाली नखाला काहीतरी लागत होतं. काका घाई करेनात. रोज रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचे. सुटीच्या दिवशी उन्हात नीट बघू, असं आमचं ठरलं होतं.

आता गाठोड्यातून नेमकी ती पटाशी उचलून मी बाल्कनीत नेली. तिरप्या उन्हात धरली. मानेवर बफच्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. पावडर लावून पुसली, म्हणजे खोलगट जागा असेल तर तिथे पांढरं राहील. एका ठिकाणी राहिल्यासारखं वाटलं. पुन्हा पुसलं तर तेही गेलं.

"काका, मला काही सांगता येत नाही."

"परत बगा."

परत बघितलं. तेच. ते कठड्याला टेकून नुसते उभे राहिले. आतली शिट्टी झाली तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

एवढ्यात विपुल वर आला. खाली स्वातीने पाट मांडला होता, हळद-कुंकू काढलं होतं आणि पटाश्याच जागेवर नव्हत्या. मला बघून तो खुशीत म्हणाला, "बघितल्यात ना काकी? पूजेसाठी कंपनीत मशीनं पुसायला काढलेली, म्हटलं बाबांचंही उरकू. दुपारभर उभा होतो." अंगठा दाखवला. तापलेल्या लोखंडाने चांगला भाजला होता.

मानेवर खूण असलीच तर ती बफने गेली, हे मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण हट्टही तिथेच होता. मोरीत राखेत पडलेल्या माझ्या विळीकडे बोट दाखवून म्हणाला, "काकी, तुम्ही पण घासताच की."

"माझ्या विळीवर वाचायचं काही नाही रे."

"आणि ती आजोबांचीच होती कशावरून? खूण बघितली होती का कुणी?"

"तेच बगायचं होतं," काका म्हणाले.

"मग बोलायचं ना, बाबा."

"बोललो. जेवताना बोललो. तू मोबाईल बगत होतास. म्हणालास, हो हो, होईल." काकांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं. "तुज्यावर रागावू तरी कसा? अंगठा भाजून आलायस. भाऊपण असाच, घर नीट करायला गेला. सगल्यांनी माजं चांगलंच केलंय."

विपुल खाली बसला आणि गाठोडं बांधू लागला. गाठ नीट बसत नव्हती. बांधता बांधताच, भरपाई केल्यासारखा म्हणाला, की खाली त्यांच्या बाल्कनीत पोत्यात ज्या पटाश्या राहिल्यात त्या तो सोमवारी नेईल, अगदी जपून करेल, मान सोडून बाकीचं पातं फक्त.

काकांनी गाठोडं त्याच्या हातातून घेतलं.

"त्या पोत्यातल्या पटाश्यांना हात लावू नको, विपुल. त्यांचा गंज तसाच राहू दे."