नारळ बोलला अमेरिकेच्या कोर्टासाठी

अमेरिकेतून मुलीचा फोन आला, "आई, मले कोर्टातून बोलावणं आलं." बायकोने पुढचं ऐकलंच नाही. फोन माझ्या हातात कोंबला, देवासमोर उभी राहिली आणि टेकडीच्या गणपतीला नारळ बोलून मोकळी झाली, "माह्या पोरीले सोडव." तिचंही चूक नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीच्या दाव्यात मी तारखा घेऊन घेऊन म्हातारा झालो, ते तिने पाहिलं होतं.

मग मुलीने समजावलं. तिने काही केलं नव्हतं. तिकडे साध्याच माणसांना बोलावतात, त्यातून बाराजण निवडतात, आणि आरोपी दोषी की निर्दोष ते हेच बाराजण ठरवतात. तेही एकमताने. आमच्या घरात दोघांचं भाजीवर एकमत होत नाही.

"म्हणजे मलेही बसवलं असतं?" मी विचारलं.

"इथले नागरिक असते तर बसवलं असतं, बाबा."

"मंग त्या माणसाचं काही खरं नव्हतं," बायको म्हणाली.

पण बोललेला नारळ परत घेता येत नाही. तिला चैन पडेना. शेवटी म्हणाली, "त्या आरोपीच्या नावानं लावला मी. तो सुटला तर फोडायचा."

"कोण, कुठला, काय केलं त्यानं, माहीत आहे का वं तुले?"

"त्याची बी माय असंल."

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात भरती केलं. मूत्रपिंडं गेली होती. तिकडे मुलगी त्या बाराजणांत निवडली गेली होती. ती रोज फोन करायची आणि ही रोज विचारायची, "सुटला का?"

"आई, खटला संपेपर्यंत कोणाशीच बोलायचं नाही. शपथ घेतली मी."

मी फोन ओढून घेतला. "अवं, इथं नागपुरात कोण ऐकून राहिलं? तुह्या अमेरिकेचा जज काय सलाईनच्या बाटलीत बसला आहे?" तरी सांगितलं नाही. मायसारखीच हेकट.

डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मुलगी म्हणाली, जज सोडतील, माझ्या जागी बसायला जादा माणसं आहेत, मी निघते. बायकोने ऐकलं. "तू उठली तर त्याचं काय? नीट ऐक, काम पुरं कर, मंग ये." मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं, तिची जुनी सवय.

ती गेली तेव्हा मुलगी त्या बाराजणांच्या खोलीत होती, फोन बाहेर जमा. घाटावर माझा साळा म्हणाला, "कोर्ट मोठं झालं का गा मायपेक्षा?" मी त्याला गप केलं. पण माझ्या पोटात तेच होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी मुलगी आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं, "सुटला का?"

"नाही, बाबा. अडकलाही नाही. आमचं एकमतच झालं नाही. आता नवे बाराजण बसवून पुन्हा खटला चालवणार म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तिथंही तारीखच! याच्यासाठी मायचं तोंड पाह्यलं नाही तू?"

ती रडली. मग फोटोसमोर बसली आणि सगळं सांगायला लागली, मला नाही, आईला. कोणता साक्षीदार अडखळला, बारातलं कोण कसं भांडलं, आरोपीची माय रोज मागच्या बाकावर कशी बसायची. मी चहा घेऊन दारातच उभा राहिलो. चहा निवून गेला.

तेरवी झाल्यावर साळा म्हणाला, "नारळ फोडून टाका, भाऊजी. गेलेल्या माणसाच्या मागं नवस ठेवू नये."

मी म्हटलं, "सुटला तर फोडायचा, असं ती बोलली होती. तो सुटला नाही."

मुलगी निघताना म्हणाली, नवीन खटल्यात ती मागच्या बाकावर जाऊन बसेल, तिथे कोणालाही बसून ऐकता येतं.

"जा," मी म्हटलं. "अन् रोज फोन कर. कोण काय बोललं, सगळं सांग. आता तर शपथ नाही ना?"